मार्सेलिसचा धक्का आणि हेगचा निवाडा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर आपल्या रत्नागिरीचा पाऊस कोसळत होता. माझा आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता. मी इतिहासातला एक ठरलेला प्रसंग सांगत होतो. ८ जुलै १९१० ची सकाळ, फ्रान्समधले मार्सेलिस बंदर, मोरिया नावाची बोट, तिची गोल खिडकी आणि सावरकरांची उडी. हा प्रसंग मी अठरा वर्षे शिकवीत आलो आहे. आवाज कोठे चढवायचा आणि कोठे क्षणभर थांबायचे, हेही आता अंगवळणी पडले आहे. उडी झाली, पोहणे झाले, धक्क्यावर पाय टेकले, पकडले गेले, की मी पान उलटतो आणि अंदमानाला जातो.

त्या दिवशी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. गुहागरकडची आहे. म्हणाली, "सर, ते फ्रान्सच्या जमिनीवर उतरले होते ना? मग फ्रान्सच्या पोलिसानं त्यांना इंग्रजांना परत दिलंच कसं?"

मी म्हटले, "त्यावर पुढे हेगच्या न्यायालयात वाद झाला. निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला."

ती काही खाली बसेना. "पण सर, त्या न्यायालयानं सावरकरांना विचारलं का, की तुम्हाला कुठं राहायचंय?"

उत्तर मला ठाऊक होते. "नाही" असे ते उत्तर. परंतु अठरा वर्षांत ते मी वर्गात एकदाही उच्चारले नव्हते, कारण तसे मला कोणी विचारलेच नव्हते. आपण शिक्षक मंडळी पुष्कळदा उडीपाशीच थांबतो. उडी सांगायला सोपी असते. उडीनंतर जे कागदांवर घडले ते सांगायला अवघड, आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येत नाही. आज त्या कागदांविषयी बोलावे असे योजले आहे.

सावरकरांचे आणि रत्नागिरीचे नाते मी नव्याने सांगायला नको. अंदमानातून परत आणल्यावर ते काही काळ येथल्या तुरुंगात होते. पुढे ६ जानेवारी १९२४ ला सुटका झाली ती या जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर, आणि १० मे १९३७ पर्यंत ते येथेच होते. त्यांच्या राजकारणाविषयी आपल्यांत मतभेद आहेत आणि ते राहणार. आजचा विषय तो नव्हे. एक माणूस एका राज्याच्या हातून निसटतो, दुसऱ्या राज्याच्या भूमीवर पाय ठेवतो आणि म्हणतो, "मला येथे आश्रय द्या." तो आश्रय नाकारला गेला, तर त्याने कोणाकडे दाद मागायची? आपला आजचा प्रश्न एवढाच आहे.

शरणागत ही कल्पना आपल्याला परकी नाही. शिबी राजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते, ससाणा म्हणतो, माझे भक्ष्य मला दे, आणि राजा आपले मांस तोलून देतो. त्या कथेत मला अलीकडे एक गोष्ट विशेष वाटू लागली आहे. राजापुढे ससाणा आपली बाजू मांडतो, तसेच कबुतरही बोलते. दोघांचे म्हणणे राजा ऐकून घेतो. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता लंडनला जाऊ. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा नाटकगृहात खून झाला. ज्या पिस्तुलाने झाला ते सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या पिस्तुलांपैकी, असा सरकारचा आरोप होता. सावरकर तेव्हा लंडनमध्ये होते आणि जानेवारीत पॅरिसला गेले. पॅरिसमध्ये त्यांना धोका नव्हता. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात आरोपी परत देण्याचा १८७६ चा करार होता खरा, पण राजकीय अपराध्यांना त्यातून वगळलेले होते. असे असूनही १३ मार्च १९१० रोजी ते आपल्या पायांनी लंडनला परत आले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले. असे का केले, यावर चरित्रकारांनी पाने भरली आहेत. आपण पुढे जाऊ.

येथे कायद्याची एक गंमत आहे. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. इंग्लंडचा १८७० चा कायदा म्हणत होता की परदेशातून पळून आलेला माणूस राजकीय अपराधी असेल, तर त्याला परत देऊ नये. १८९० मध्ये स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात उठाव झाला, त्यात तेथल्या सरकारचा एक सदस्य गोळी लागून मेला. गोळी झाडणारा कास्तियोनी लंडनला पळाला. १८९१ मध्ये इंग्रज न्यायमूर्तींनी ठरविले की हा अपराध राजकीय स्वरूपाचा आहे, सबब याला परत देता येत नाही. कास्तियोनी सुटला.

मग नाशिकच्या प्रकरणातला माणूस का सुटू नये? कारण नाशिक हे "परदेश" नव्हते! हिंदुस्थान हा साम्राज्याचाच भाग. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात पळालेल्या आरोपींसाठी १८८१ चा वेगळा कायदा होता, आणि त्यात राजकीय अपराधाला सूट ठेवलेली नव्हती. म्हणजे स्विस माणसाला लंडनमध्ये जे संरक्षण मिळाले, ते सम्राटाच्या हिंदी प्रजाजनाला मिळेना. परका असता तर वाचला असता. आपला म्हणवल्यामुळे अडकला.

तरी वाद घालायला एक फट होती. त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात न्यायालयाला मुभा होती की आरोपीला परत पाठविणे अन्यायाचे किंवा जुलमाचे ठरणार असेल, तर पाठवू नये. आणि हिंदुस्थानात काय वाढून ठेवले होते? १९०८ च्या खास कायद्याखाली तीन न्यायाधीशांचे मंडळ. ज्यूरी नाही. निकालावर अपील नाही. सावरकरांच्या वकिलांनी ही फट रुंदावण्याची खटपट केली. बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटने १२ मे १९१० ला परत पाठविण्याचा हुकूम दिला, तेव्हा ते हेबिअस कॉर्पसचा अर्ज घेऊन वरच्या न्यायालयात गेले. तेथे नकार. त्यावरच्या अपील न्यायालयात गेले. जून महिन्यात तेथेही नकार. आणि १ जुलैला मोरिया बोट निघाली.

इतके दरवाजे ठोठावले आणि ते बंद निघाले, म्हणून त्या उडीला अर्थ आहे. हे मी वर्गात कधी नीट सांगितले नाही. उडी हे केवळ साहस नव्हते. न्यायालयात हरलेला वाद दुसऱ्या भूमीवर नेण्याचा तो प्रयत्न होता. आपल्याकडे लोककथेने ही उडी अथांग सागरातली करून टाकली आहे. बोट बंदरात होती, पोहण्याचे अंतर थोडेच होते. अंतराचे महत्त्वच नाही. महत्त्व आहे ते धक्क्यावर टेकलेल्या दोन पायांचे.

ते पाय फ्रान्सच्या भूमीवर फार वेळ राहिले नाहीत. बोटीवरून आरडाओरडा झाला, माणसे मागे धावली. फ्रेंच सागरी पोलीस दलाच्या ब्रिगेडियरने त्यांना धरले. ब्रिगेडियर म्हणजे लष्करातला बडा अधिकारी नव्हे हो. आपल्याकडला जमादार म्हणा. बोटीवरून उतरलेल्या तिघांनी त्याला हातभार लावला आणि काही मिनिटांत सावरकर पुन्हा बोटीवर. दुसऱ्या दिवशी, ९ जुलैला, मोरियाने नांगर उचलला.

ही बातमी पॅरिसला पोहोचली आणि गहजब झाला. मादाम कामा आणि त्यांचे सहकारी खटपटीला लागले. कार्ल मार्क्सचा नातू जां लोंगे याने फ्रेंच समाजवादी वर्तमानपत्रातून प्रश्न उचलून धरला. आमच्या भूमीवर आलेला राजकीय माणूस आमच्याच पोलिसाने परक्यांच्या हाती दिला, हा फ्रान्सचा अपमान नव्हे काय? फ्रेंच सरकारने इंग्लंडकडे सावरकरांना परत मागितले. इंग्लंडने दिले नाही. अखेर २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी करार केला की हा वाद हेग येथील कायमच्या लवाद न्यायालयापुढे न्यावा.

तो वाद काय होता हे खेड्यातल्या माणसाला सांगायचे तर मी असे सांगेन. समजा, तुमच्या वाडीत तुम्ही एका माणसाला डांबून ठेवले आहे. तो गडग्यावरून उडी मारून शेजारच्या आगरात जातो. शेजाऱ्याचा गडी त्याला धरतो आणि तुमच्या माणसांच्या मदतीने गडग्यावरून पुन्हा तुमच्याकडे आणून सोडतो. शेजारी त्या वेळी घरात झोपलेला. दोन दिवसांनी तो येतो आणि म्हणतो, "माझ्या आगरात शिरलेला माणूस माझ्या परवानगीवाचून तुमच्याकडे कसा आला? माझा गडी चुकला. माणूस परत द्या. तुम्हाला हवा असेल तर रीतसर मागा, मी विचार करीन." तुम्ही म्हणता, "मी तुझ्या आगरात दांडगाई केली नाही, तुझ्या गड्याला फसविले नाही. तुझ्याच माणसाने आणून दिला. आता का देऊ?"

आता यात आणखी एक कागद आहे. लंडनच्या पोलिसांनी २९ जूनलाच पॅरिसच्या पोलीसप्रमुखांना पत्र लिहून कळविले होते की सावरकर या बोटीवर आहेत, मार्सेलिसला त्यांच्या मित्रांनी काही गडबड करू नये म्हणून लक्ष ठेवावे. फ्रेंच पोलिसांनी तशी व्यवस्था केली होती. म्हणजे गडी नुसता वाटेवर उभा नव्हता. शेजाऱ्यानेच त्याला लक्ष ठेवायला सांगितले होते.

पंच पाच होते. बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेरनार्ट अध्यक्ष, फ्रान्सचे रेनो, इंग्लंडचे लॉर्ड डेझार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे लोमान. बेरनार्ट आणि रेनो या दोघांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले. माणसे लहान नव्हती. १४ फेब्रुवारी १९११ ला ते बसले आणि २४ फेब्रुवारीला निवाडा दिला. दहा दिवसांत!

निवाड्याचा आशय असा. दोन पोलीस खात्यांत आधीच पत्रव्यवहार झालेला होता. फ्रेंच जमादाराने जे केले ते बोट सुटेपर्यंत त्याच्या वरिष्ठांनी नाकारले नाही, तेव्हा इंग्रज पोलिसांना वाटले की हे सर्व फ्रेंचांच्या संमतीने चालले आहे, तर त्यात नवल नाही. इंग्लंडने बळ वापरले नाही, फसवणूक केली नाही. सावरकरांना धरून देण्यात अनियमितपणा झाला, हे पंचांनी मान्य केले. परंतु परक्या राज्याच्या नोकराने चूक केली म्हणून आपल्या ताब्यात आलेला कैदी परत द्यावा, असा राष्ट्रा-राष्ट्रांच्या कायद्यात नियम नाही. म्हणून परत देण्याचे बंधन नाही.

चूक झाली हे कबूल. पण ती दुरुस्त करण्याचे बंधन कोणावर नाही. मला हा निवाडा पटत नाही, आणि मी एकटाच असे म्हणतो असेही नाही. कायद्याच्या पंडितांनीही त्यावर पुष्कळ टीका केली आहे. लक्ष ठेवायला सांगणे निराळे आणि आश्रयाला आलेला माणूस उचलून देणे निराळे. पत्रात लिहिले होते की बाहेरच्यांनी गडबड करू नये. आतला बाहेर आला तर काय करायचे, हा प्रश्नच वेगळा, आणि तो ठरविण्याचा अधिकार जमादाराचा नव्हता. परंतु माझ्या नापसंतीने काय होणार? निवाडा छापला गेला तो गेला.

यापेक्षा मला अधिक बोचते ते तारखांचे गणित. फळ्यावर मांडून पाहा. लवादाचा करार २५ ऑक्टोबर १९१० चा. आणि मुंबईत खास न्यायमंडळापुढे खटला कधी सुरू झाला? सप्टेंबरमध्ये. लवाद ठरला म्हणून तो थांबला का? नाही. मुख्य न्यायमूर्ती स्कॉट, न्यायमूर्ती चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांच्यापुढे सावरकरांनी सांगितले की माझा आश्रयाचा हक्क फ्रान्समध्ये आहे, या न्यायालयाचा अधिकार मी मानीत नाही. न्यायमंडळ म्हणाले, आरोपी आमच्यापुढे कसा आणला गेला हे पाहणे आमचे काम नव्हे. तो दोन सरकारांमधला प्रश्न. डिसेंबर १९१० मध्ये पहिली जन्मठेप, काळे पाणी. जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप. दोन मिळून पन्नास वर्षे. आणि हेगचे पंच बसले फेब्रुवारीत. या माणसाला मुंबईत न्यायासाठी उभे करता येते की नाही याचा निर्णय होण्यापूर्वीच शिक्षा होऊन गेली होती. ४ जुलै १९११ ला ते अंदमानात पोहोचले.

आणि आता त्या मुलीचा प्रश्न. हेगमध्ये पक्षकार दोनच होते, ब्रिटन आणि फ्रान्स. पंचांपुढे ठेवलेला प्रश्न सावरकरांना परत द्यावे की न द्यावे असा होता, जसा हरवलेल्या गुराविषयी असावा. त्यांचा वकील तेथे नव्हता. त्यांची जबानी नव्हती. ते डोंगरीच्या आणि भायखळ्याच्या तुरुंगांच्या भिंतींआड होते. आश्रय हा त्या काळच्या कायद्यात माणसाचा हक्क नव्हता. तो राज्याचा मान होता. फ्रान्सला आपला मान दुखावल्यासारखा वाटला म्हणून खटला झाला. वाटला नसता तर तोही झाला नसता. शिबीच्या दरबारात कबुतर बोलले. हेगला ते दाराबाहेरच राहिले.

यानंतर जग बदलले काय? थोडे बदलले. दोन महायुद्धांत कोट्यवधी माणसे देशोधडीला लागली, तेव्हा कोठे राष्ट्रांना जाग आली. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. घाट चढून कोल्हापूरला गेलात तर शेजारी वळिवडे आहे. तेथे १९४३ पासून १९४८ पर्यंत जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुले, छावणी करून राहिले होते. त्यांना कोणी न्यायालयात उभे केले नाही. पण प्रत्येकाला वळिवडे सापडत नाही. २८ जुलै १९५१ ला जिनिव्हा येथे निर्वासितांविषयी करार झाला. त्याचे तेहेतिसावे कलम म्हणते की धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपायी जेथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तेथे निर्वासिताला परत लोटू नये. सोळावे कलम म्हणते की निर्वासिताला न्यायालयाचे दार खुले असावे. कबुतराला दरबारात जागा मिळाली ती अशी, चाळीस वर्षांनी.

अर्थात या करारानेही सावरकरांना आश्रय मिळालाच असता असे मी म्हणणार नाही. गंभीर, अराजकीय स्वरूपाचा गुन्हा केलेल्याला या करारातून वगळले आहे, आणि खुनाला मदत केल्याचा आरोप राजकीय की अराजकीय, यावर दोन्हीकडचे वकील आठवडाभर भांडले असते. पण त्यांचे म्हणणे ऐकावे लागले असते. आणि पळवून आणलेल्या आरोपीविषयी? १९६० मध्ये इस्राएलने आइकमानला आर्जेंटिनातून उचलून आणले, तेव्हा तेथल्या न्यायालयाने मुंबईसारखेच सांगितले की कसा आणला हे आम्ही पाहत नाही. परंतु १९९३ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने बेनेट नावाच्या माणसाच्या प्रकरणात उलट सांगितले की रीतसर मार्ग डावलून माणूस आणला असेल, तर न्यायालय खटला चालविण्यास नकार देऊ शकते. ज्या देशाने मोरिया बोट धाडली, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने हे सांगायला त्र्याऐंशी वर्षे घेतली.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांतील मुले आखातात, आफ्रिकेत, इंग्लंडात आहेत. कोणी बोटीवर खलाशी आहेत. अलीकडे एजंट लोक सांगतात, "व्हिसा संपला तरी चिंता नको, आश्रयाचा अर्ज टाकू." माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नात्यातल्या मुलाचे असेच झाले. एजंटाने छापील कहाणी भरून दिली, मुलाने सही केली. अर्ज नामंजूर झाला. अपिलात न्यायाधीशांनी विचारले, तुझ्यावर हल्ला कधी झाला? या बिचाऱ्याला आपल्या अर्जात हल्ला आहे हेच ठाऊक नव्हते! असल्या अर्जांनी खऱ्या पीडिताची वाट अरुंद होते, हे त्या एजंटाच्या गावीही नसते.

खऱ्या माणसाचेही कठीणच असते. ब्रिटनमध्ये २०१० पासून अशा अपिलांसाठी न्यायाधिकरणाचा खास विभाग आहे, आणि २०१४ च्या नियमांनी देशातून अपील करायला चौदा दिवसांची मुदत घातली. त्यावर वरचे न्यायाधिकरण, पण तेथे परवानगी घेऊन आणि कायद्याच्या मुद्द्यावरच जाता येते. म्हणजे हकिगत सांगायची ती पहिल्याच ठिकाणी, नीट. वर गेल्यावर हकिगत सहसा कोणी नव्याने ऐकत नाही, कायद्यात चूक झाली काय एवढेच पाहतात. आणि आपली माणसे हकिगत कशी सांगतात? "शिमग्यानंतर चार दिवसांनी आले, बाबल्याचं लग्न झालं त्या साली." दुभाषा त्याची इंग्रजी तारीख करतो, दुसऱ्या जबानीत दुसरी तारीख निघते आणि नकाराच्या पत्रात लिहिले जाते की अर्जदाराच्या सांगण्यात विसंगती आहे. माणूस खोटे बोलत नसतो; त्याचे पंचांग निराळे असते. म्हणून असा प्रसंग कोणावर आलाच, तर नकाराचे पत्र शब्दशः वाचून घ्यावे, प्रत्येक कारणाला उत्तर द्यावे, तारीख आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणावे, आणि मुदत चुकवू नये. एजंट नको, वकील हवा.

आपल्या देशात काय, असे शिक्षक मंडळी विचारतील. आपण १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, आणि आश्रय मागण्याचा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा होता, त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परकीयाला बाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा लोकांच्या बाबतीत त्याच न्यायालयाने सांगितले की घटनेचे एकविसावे कलम प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचे रक्षण करते, ती व्यक्ती नागरिक असो वा नसो. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर पुन्हा म्हटले की देशात राहण्याचा हक्क नागरिकाचाच. मात्र बाहेर घालवायचे तर रीतसर प्रक्रियेने घालवावे. काटा असा इकडून तिकडे हलत असतो. मुलांना तो हलताना दाखवावा. एका बाजूला दाबून धरलेला दाखवू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, आमच्या वर्गात पुढे काय झाले ते सांगतो. मुलांनी हेगचा खटला वर्गातच चालवावयाचे ठरविले. पाच पंच नेमले, एकाला जमादार केले, दोन बाजूंचे वकील झाले. निवाडा मूळचा आहे तेवढा लहान, दोन तासिकांत वाचून होतो. फ्रान्सच्या वकिलाने गडग्याचा दृष्टांत माझ्यापेक्षा चांगला वापरला. इंग्लंडच्या वकिलाने २९ जूनचे पत्र असे काही नाचविले की मीच क्षणभर डळमळलो. निकाल तीन विरुद्ध दोन, इंग्लंडच्या बाजूने. मी हिरमुसलो, हे कबूल करतो.

मग ती गुहागरची मुलगी म्हणाली, "सर, यात कैद्याला बोलायला कुठं दिलंत?" खरेच की, मांडणी करताना मीसुद्धा ती खुर्ची ठेवली नव्हती. येत्या सोमवारी खटला पुन्हा चालणार आहे. कैद्याची जबानी तीच देणार आहे, आणि काय बोलणार ते मला आधी दाखवायला तयार नाही.